घाटात ब्रेक खाली का गेला?

नमस्कार. मी कराडला राहते, वय ५१. यजमानांची बदली नांदेडला झाल्यावर हिय्या करून गाडी शिकले. गाडी २०१६ सालची, पेट्रोलची, छोटी. ४१ हजार किलोमीटर झालीत. आमचं गाव चिपळूणजवळ. गेल्या वर्षी गौरी-गणपतीला मीच गाडी घेऊन कुंभार्ली घाट उतरले. निम्म्या घाटात करपल्यासारखा वास यायला लागला आणि दोन वळणांनंतर ब्रेक दाबला तर पाय थेट खाली गेला. दोन-तीनदा भराभर दाबल्यावर गाडी कशीबशी थांबली. अर्धा-पाऊण तास बाजूला उभे राहिलो, मग ब्रेक पहिल्यासारखा लागायला लागला. गॅरेजवाल्यांनी नवे ब्रेक पॅड टाकले आणि ‘आता टेन्शन नाही’ म्हणाले. मला मात्र आहे.

सासरे (वय ७८) म्हणतात, घाट उतरताना गाडी न्यूट्रल करायची, पेट्रोल वाचतं, इंजिनलाही आराम. पुतण्या म्हणतो, टायर नव्यासारखे आहेत, नक्षी शाबूत आहे. गॅरेजकडून यंदा ‘गणपती पॅकेज’चा ९,२०० रुपयांचा कागद आलाय: इंजिन फ्लश, इंजेक्टर क्लीनिंग, डीकार्बन, टायरमध्ये नायट्रोजन वगैरे. त्यातलं काय करू? सोबत नणंदेची चार वर्षांची मुलगी असते. ती पुढे आजोबांच्या मांडीवर बसते. मागे बसवते म्हटलं की दोघंही रुसतात.

ता. क. सासरे शेजारी बसून माझ्याबरोबर स्वतःचाही पाय ब्रेक दाबल्यासारखा दाबतात. याला काही उपाय?

— एक नवशिकी, कराड

ताई,

तुमच्या गॅरेजवाल्यांनी ज्या वाक्याकडे कान दिला नाही, त्याच वाक्यात तुमचं उत्तर आहे. ‘पाय थेट खाली गेला’ आणि ‘अर्ध्या-पाऊण तासाने ब्रेक पहिल्यासारखा लागायला लागला.’ तापून ब्रेक दगा देतो तो दोन तऱ्हांनी. एकात पॅड इतके तापतात की चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला धरतच नाहीत. तेव्हा पायाखाली ब्रेक कडक लागतो, तुम्ही जीव खाऊन दाबता आणि गाडी मात्र थांबायचं नाव घेत नाही. दुसऱ्यात ब्रेक मऊ लागतो, स्पंजावर पाय ठेवल्यासारखा खाली जातो, भराभर दोन-चारदा दाबला की थोडा वर येतो आणि गाडी गार झाली की जणू काही झालंच नव्हतं. तुमचं हे दुसरं आहे. त्याचा पॅडशी संबंध थोडा आणि ब्रेक ऑइलशी जास्त.

ब्रेक ऑइलला आपण ऑइल म्हणतो, पण ते तेल नव्हे. इंजिनातल्या ऑइलशी त्याचं नातं नाही आणि एकाच्या जागी दुसरं कधी चालत नाही. तुमचा पाय पेडलवर पडतो तो जोर बारीक नळ्यांतून चारही चाकांपर्यंत नेणारा हा द्रव. तो दाबला जात नाही, म्हणून तर जोर पोचतो. पण त्याला एक खोड आहे: पावसाळ्यात झाकण उघडं राहिलेल्या बरणीतलं मीठ जसं ओल धरतं, तसा तो हवेतली ओल धरतो. झाकण घट्ट असलं तरी वर्षानुवर्षं रबरी पाइपांतून, सीलमधून थोडी थोडी ओल आत जातच राहते. डॉट ३, डॉट ४ ही ब्रेक ऑइलच्या प्रकारांची नावं. कोरा डॉट ३ द्रव निदान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, डॉट ४ निदान २३० अंशांपर्यंत. त्यात साडेतीन-चार टक्के पाणी मुरलं की मानकात हेच आकडे १४० आणि १५५ वर उतरतात. घाटात ब्रेक सतत दाबून ठेवले तर चाकाजवळचा द्रव तिथवर तापणं मुळीच अवघड नाही. मग आत वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, पण वाफ दाबली जाते. तुमचा पाय खाली गेला तो ती वाफ दाबत. गाडी गार झाली, वाफेचं पुन्हा पाणी झालं आणि ब्रेक ‘बरा’ झाला.

म्हणून बहुतेक गाड्यांत ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी किंवा सुमारे ४० हजार किलोमीटरवर, जे आधी होईल तेव्हा, पूर्ण बदलायचं असतं. तुमच्या गाडीच्या पुस्तकात तुमचा आकडा असेल, तो पाहा. गाडी कमी चालली म्हणून ही मुदत वाढत नाही, कारण ओल किलोमीटर मोजत बसत नाही. आणि बदलणं म्हणजे वरून थोडं ओतणं नव्हे. जुनं सगळं काढून, नवं भरून, चारही चाकांवर ब्रेकच्या नळ्यांत अडकलेली हवा काढायची. हे काम दोघांचं असतं, एकजण आत बसून पेडल दाबतो आणि एकजण चाकाशी पाना घेऊन बसतो. तुमच्या समोर करून घ्या. निघालेला द्रव काचेच्या बाटलीत धरायला सांगा. नवा फिकट मधासारखा असतो. तुमच्या गाडीतून तो बिनदुधाच्या काळ्या चहासारखा निघाला तर मला मुळीच नवल वाटणार नाही.

मी कुणाला नावं ठेवायला बसलो नाही. मी स्वतः एकतीस वर्षं गॅरेज चालवलं आणि सुरुवातीच्या काळात ‘ब्रेक ऑइल टॉपअप’ असं बिलावर लिहून गाड्या सोडल्यात. टाकीतली पातळी कमी दिसली की भरायची, एवढंच कळायचं. पॅड झिजले की पातळी आपोआप थोडी उतरते, हे पुढे शिकलो. तेव्हा पातळी उतरली तर ओतण्याआधी पॅड बघायचे असतात. पॅड झिजलेले नसतील तर गळती शोधायची असते.

एक साधी तपासणी तुम्हीच घरी करा. गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, न्यूट्रलमध्ये, इंजिन चालू. ब्रेक घट्ट दाबून अर्धा मिनिट तसाच धरा. पाय एका जागी टिकला तर ठीक. हळूहळू खाली सरकत गेला तर कुठेतरी गळती आहे किंवा मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडलचा जोर द्रवावर टाकणारा भाग, गेलाय. ती गाडी घाटात न्यायची नाही, बाजारातही न्यायची नाही. ब्रेक ऑइल बदलताना चाकाजवळचे रबरी पाइप तडकलेत का, तेही बघायला सांगा. नऊ वर्षं जुनं रबर आहे ते.

आता न्यूट्रल. सासऱ्यांना दुखवू नका, कारण ते खोटं बोलत नाहीत, जुनं खरं बोलतायत. कार्बोरेटरच्या गाडीत गिअरमध्ये उतरताना इंजिन चाकांच्या वेगाने फिरायचं आणि फिरताना पेट्रोल ओढत राहायचं. न्यूट्रल केलं की इंजिन शांत व्हायचं, चार थेंब वाचायचे. तुमच्या गाडीत कार्बोरेटर नाही, इंजेक्टर आहेत. गिअरमध्ये उतरताना तुम्ही अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की गाडीचा कॉम्प्युटर पेट्रोल बंद करतो. इंजिन चाकं फिरवत नाही, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रल केलं की मात्र इंजिन बंद पडू नये म्हणून त्याला पेट्रोल द्यावंच लागतं. म्हणजे आज न्यूट्रलमध्ये उतरणारा माणूस पेट्रोल वाचवत नाही, जाळतो. हे त्यांना समजावून सांगा. या पिढीला पेट्रोल वाचतंय हे पटलं की सुरक्षिततेचं वेगळं सांगावं लागत नाही.

खरी गोष्ट मात्र पेट्रोलची नाहीच. माणसांसह १,३०० किलोची गाडी घ्या. ती १०० मीटर खाली उतरली की जेवढी शक्ती कुठेतरी जिरवावी लागते, तेवढ्यात माठातल्या चार लिटर पाण्याला उकळी येईल. हे शंभर मीटरला. कुंभार्ली त्याच्या कितीतरी पट उतरतो. न्यूट्रलमध्ये ही सगळी उष्णता ब्रेकच्या माथी. गिअरमध्ये असलात तर त्यातला मोठा वाटा इंजिन उचलतं, आणि इंजिनला गार करायला रेडिएटर आहे, पंखा आहे. ब्रेकला आहे फक्त वारा.

माझे चुलते एसटीत चालक होते. एसटीत चालकाच्या डिझेलचा हिशेब ठेवतात, दहा लिटरला किती किलोमीटर. त्याला केपीटीएल म्हणतात आणि तो आकडा घसरला की डेपोत बोलणी बसतात. डिझेलचा थेंबन् थेंब मोजणारा हा माणूस कधी न्यूट्रलमध्ये घाट उतरला नाही. मला शिकवलं ते एवढंच: ज्या गिअरमध्ये चढला असतास, त्याच गिअरमध्ये उतर.

तुमच्यासाठी त्याचा अर्थ असा. हेळवाक मागे टाकून घाटमाथा आला की उतार सुरू होण्याआधी तिसरा टाका, वळणं आवळत आली की दुसरा. वळणात शिरण्याआधी टाका, वळणात नको. इंजिनचा आवाज वाढेल, तीन-साडेतीन हजार आरपीएमपर्यंत काटा जाईल. नवशिके इथे घाबरतात आणि वरचा गिअर टाकतात. घाबरू नका, काट्याची लाल पट्टी त्याच्या पुष्कळ पुढे असते. तरीही वेग वाढायला लागला तर ब्रेक ठाम दाबा, वेग हवा त्याच्या थोडा खाली आणा आणि पाय पूर्ण उचला. पुन्हा वाढला, पुन्हा तसंच. ब्रेकवर नुसता हलका पाय ठेवून उतरत राहणं सगळ्यात वाईट, कारण पॅडना गार व्हायला क्षणभरही मिळत नाही. तुम्ही गेल्या वर्षी हेच केलं असणार, असा माझा कयास आहे. क्लच दाबून वळण घ्यायची सवय असेल तर तीही सोडा. क्लच दाबला म्हणजे न्यूट्रलच झालं.

मागचा ट्रक हॉर्न मारत बसेल. मारू द्या. रुंद जागा आली की डावीकडे घेऊन त्याला जाऊ द्या. आणि अरुंद चढावर समोरून वर येणारी गाडी असेल तर थांबायचं उतरणाऱ्याने, हा रस्त्याचा लेखी नियम आहे. घाटात तो किती जणांना माहीत असतो कोण जाणे.

वास आलाच तर ब्रेक मऊ व्हायची वाट बघू नका. रुंद जागी डोंगराच्या बाजूला थांबा, इंजिन बंद करून रिव्हर्स गिअर टाका. हँडब्रेक करकचून ओढू नका, तापलेलं सगळं तसंच घट्ट धरून बसतं. चाकाला दगड लावा. निघताना तो दगड उचलून कडेला टाका, ताई. रात्री मोटारसायकलवरून येणारा माणूस तुमच्या दगडावर पडतो. डिस्कवर पाणी ओतायचं नाही, गरम लोखंड एकदम गार केलं की वाकतं, तडकतं. अर्धा तास बसा, भुईमुगाच्या शेंगा खा.

आणि पाय पुन्हा खाली गेलाच तर? गेल्या वर्षी केलंत तसंच, भराभर दाबत राहा. त्याच वेळी एकेक गिअर खाली. हँडब्रेक बटण दाबून धरून हळूहळू ओढा, झटक्यात नाही, नाहीतर मागची चाकं जाम होऊन गाडी फिरते. चावी बंद करायची नाही, काही झालं तरी. इंजिन बंद झालं की स्टिअरिंग जड होतं, ब्रेकची मदत दोन-तीन दाबांत संपते आणि चावी काढली तर स्टिअरिंग लॉकसुद्धा होऊ शकतं. मग डोंगराकडच्या चरात, मातीत, झुडपात गाडी घासवा. पत्र्याचं काम होतं.

पुतण्याच्या टायरांकडे वळतो. नक्षी शाबूत आहे हे खरं असेल. नक्षीच्या खाचांमध्ये तळाशी बारीक उंचवटे असतात, टायर झिजून त्यांच्या बरोबरीला आला की खोली १.६ मिलिमीटर उरलेली असते आणि टायर बाद. तुमचे तिथवर आले नसतील. पण टायरला दोन वयं असतात, एक झिजेचं आणि एक रबराचं. टायरच्या कडेला एका लंबगोल चौकटीत चार आकडे सापडतील. ३२१६ असेल तर टायर २०१६ च्या बत्तिसाव्या आठवड्यात तयार झाला. चारपैकी काही टायरांवर हे आकडे आतल्या बाजूला असतात. पुतण्यालाच मोबाइलचा टॉर्च देऊन खाली झोपवा. टायर कंपन्याच सांगतात की पाच वर्षांनंतर टायर दरवर्षी जाणकाराला दाखवावा आणि दहाव्या वर्षी, नक्षी कितीही असली तरी, काढावा. सावलीत नुसतं उभं राहिलं तरी रबर कडक होतं आणि ओल्या रस्त्यावर कडक रबर धरत नाही. तुमच्या गाडीचा आणि रस्त्याचा संबंध चार तळहातांएवढ्या जागेवर आहे, आणि तुम्ही निघालाय भाद्रपदातल्या घाटात. टायरच्या कडांवर जाळीसारख्या भेगा दिसल्या तर दहा वर्षांची वाट बघू नका. मी तुमच्या जागी असतो तर या गणपतीआधी चारही बदलले असते.

चारांचे पैसे एकदम होत नसतील तर निदान दोन घ्या. आणि इथे दुकानदाराशी थोडं भांडावं लागेल, कारण तो नवे दोन पुढे टाकायला निघेल. ते मागे टाकायला सांगा. ओल्या वळणावर पुढची चाकं सरकली तर गाडी सरळ जाऊ पाहते, तुम्हाला कळतं, वेग कमी केला की बहुधा सावरते. मागची सरकली तर गाडी गरकन फिरते आणि तिला आवरणं भल्याभल्यांना जमत नाही.

हवा. ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावर एक स्टिकर असतो, त्यावर माणसं कमी असतानाचा आणि गाडी भरलेली असतानाचा, पुढचा-मागचा आकडा पीएसआयमध्ये दिलेला असतो. तोच तुमचा आकडा. टायरवर छापलेला असतो तो टायर जास्तीत जास्त किती सोसेल त्याचा, तो भरायचा नाही. आणि ‘लांब जायचंय, टायर गरम होणार, हवा दोन पॉइंट कमी ठेवा’ असं सांगणाऱ्या पंक्चरवाल्याचं ऐकायचं नाही. कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्यात जास्त दबतो, दबून-दबून जास्त तापतो आणि फुटायला निघतो तो त्यामुळेच. हवा सकाळी टायर गार असताना बघा. साधं हवेचं मीटर घ्या, चार-पाचशेच्या आत मिळतं. पंपावरच्या मीटरवर माझा विश्वास नाही, तो हातातून पडून पडून काय दाखवतो ते त्यालाच माहीत.

आता तो ९,२०० चा कागद. नायट्रोजनची ओळ खोडा. आपण श्वास घेतो त्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच आहे. नायट्रोजनने बिघडत काही नाही, पण घाटात तुम्हाला वाचवणारा तो नव्हे. इंजिन फ्लश, डीकार्बन, इंजेक्टर क्लीनिंग: गाडी सेल्फला लगेच चालू होते, धक्के देत नाही, अ‍ॅव्हरेज पडलेलं नाही, तर मग कशासाठी? दुखत नसलेल्या दाताला भूल द्यायची नसते. एसी थंड करत असेल तर तीही ओळ जाऊ द्या. त्याऐवजी लिहून द्या: ब्रेक ऑइल पूर्ण बदलणे, चारही चाकं काढून पॅड आणि मागचे लायनर (ड्रम ब्रेकमध्ये पॅडचं काम करणारे) बघणे, वर्ष झालं असेल तर इंजिन ऑइल आणि फिल्टर, कूलंट म्हणजे इंजिन गार ठेवणारा द्रव बघणे, चाकांची अलाइनमेंट. मागचे लायनर मुद्दाम लिहितोय. तुमच्यासारख्या छोट्या गाड्यांत पुढे डिस्क आणि मागे ड्रम असतात, आणि ड्रम उघडायचा कंटाळा हा आमच्या धंद्याचा जुना आजार आहे. मागून ब्रेक कमी लागत असेल तर सगळा भार पुढच्यांवर येतो. तुमचे पुढचे इतके तापले त्यात याचाही हात असू शकतो.

कूलंट कमी दिसला तर बोअरचं पाणी ओतू नका, आत क्षार धरतात. आणि गरम गाडीचं रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, फडकं धरूनही नाही. माझ्या डाव्या दंडावर त्याची खूण अजून आहे.

वायपरची रबरं बदला, काच पुसताना खरखर आवाज येत असेल तर नक्कीच. धुकं आणि पाऊस एकत्र आला की काच आतून धरते; खिडक्या उघडून कापडाने पुसत बसण्यापेक्षा एसी चालू करून वारा काचेवर सोडा, मिनिटभरात साफ होते. दिवे डिपरवर म्हणजे खाली पाडलेले ठेवा. पण चालत्या गाडीत चारही इंडिकेटर लावून जाऊ नका. सगळे लावतात, म्हणून तुम्हीही लावाल. पण ते लागलेले असताना तुम्ही वळणार आहात की थांबला आहात, हे मागच्याला कळायला वावच उरत नाही.

मुलीबद्दल मी गोड बोलणार नाही. ४० च्या वेगाने गाडी कशावर आदळली तर आतल्या माणसाला बसणारा धक्का दुसऱ्या मजल्यावरून खाली पडल्याइतका असतो. दुसऱ्या मजल्याच्या कठड्यावर नातीला मांडीवर घेऊन आजोबा बसतील का? हात कितीही घट्ट असले तरी त्या क्षणी ती हातांत राहत नाही. उलट ती पुढे असते आणि मागून आजोबांचं वजन तिच्यावर येतं. गाडीत डाव्या बाजूची एअरबॅग असेल तर ती पापणी लवायच्या आत फुगते, मोठ्या माणसाच्या छातीसाठी; तिच्या वाटेत पोराचं डोकं यायला नको. कायद्याचंही सांगतो, १४ वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा चाइल्ड सीटशिवाय नेलं तर १,००० रुपये दंड आहे. मागे बसणाऱ्या मोठ्यांनाही बेल्ट बंधनकारक आहे. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री गाडीच्या अपघातात गेले, तेव्हा त्यांच्यासह मागे बसलेल्या दोघांनीही बेल्ट लावले नव्हते. ते दोघंच गेले, पुढचे दोघं वाचले. गाडी माझ्या-तुमच्या गाड्यांपेक्षा कितीतरी भारी होती.

चार वर्षांच्या पोरीला मोठ्यांचा बेल्ट गळ्यावर येतो, म्हणून हार्नेसवाली चाइल्ड सीट लागेल. कागदावरच्या खोडलेल्या ओळींतून तिचे पैसे निघतात. ती आणायच्या आधी एक काम करा, मागच्या सीटवर हात घालून बेल्टची कुलपं सापडतात का बघा. सीट कव्हर बसवणारे ती खाली गाडून टाकतात, आणि नऊ वर्षं ती कुणी वर काढलेली नसतात. कव्हर कापावं लागलं तर कापा. मागच्या काचेखालच्या फळीवर नारळ, समई, मोदकाचं पात्र ठेवायची आपल्याकडे पद्धत आहे. ते सगळं डिकीत, तळाला. जोरात ब्रेक लागला की तो नारळ गाडीच्या वेगाने पुढे येतो.

रुसव्याला माझ्याकडे एक उपाय आहे, माझ्या बहिणीच्या घरी चाललेला. सीट मुलीची आहे, ती निवडायला तिलाच न्या. आणि आजोबांना सांगा की घाटात ती घाबरते, तुम्ही मागे तिच्या शेजारी बसा. दोघं एकत्रच राहतील, फक्त दोघांनाही बेल्ट. नणंद सोबत असेल तर ती पुढे येईल.

पण मग तुमच्या ता. क. चं काय, हा प्रश्न उरतो. आजोबा मागे गेले तर शेजारचा तो पाय जाणार. मला वाटतं, जाता जाता त्याचा एकदा उपयोग करून घ्या. जो माणूस स्वतः गाडी चालवत आलाय, त्याचा पाय उगाच दाबला जात नाही, वेग जास्त वाटला की दाबला जातो. गणपतीच्या आधी एका कोरड्या रविवारी फक्त तुम्ही दोघं जा. ब्रेक ऑइल बदललेलं, हवा बघितलेली, स्टेपनीतलीसुद्धा. त्यांना पुढे बसवा आणि दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये घाट उतरा. घाटाच्या पायथ्याला पोफळीपर्यंत त्यांचा पाय किती वेळा दाबला गेला ते मोजा आणि मला कळवा.